संदर्भ तापमानाची कुळकथा

एक पोलादी दांडा. दोन्ही टोकं जखडलेली, भार काहीच नाही, तापमान सगळीकडे २२ अंश सेल्सियस. असं मॉडेल सोडवलं तर ताण शून्य यायला हवा. माझ्या पडद्यावर तो ५३ मेगापास्कल आला होता, तोही दाबाचा. दोन दिवस मी मेश बारीक करत राहिलो, आधार तपासले, एककं तपासली. आकडा जागचा हलेना. शेवटी वहीत गुणाकार केला: २०० गिगापास्कल, गुणिले १२ दशलक्षांश, गुणिले २२. उत्तर ५२.८. म्हणजे सॉफ्टवेअरचं गणित चोख होतं. मटेरियलच्या माहितीत संदर्भ तापमानाची चौकट मी रिकामी सोडली होती आणि त्या जागी त्यानं शून्य धरलं होतं. त्याच्या लेखी माझा दांडा बर्फाच्या तापमानाला बसवला होता आणि तिथून २२ अंश तापला होता.

त्या चौकटीचं कूळ शोधायची ओढ तेव्हापासून लागली. प्रसरण म्हणजे नेहमी दोन तापमानांमधला फरक. वस्तू किती तापली हे कुणीही सांगेल. ती कुठून तापली हे ठरवायला माणसाला फार वेळ लागला.

धातू तापला की वाढतो, हे लोहाराला कधीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तो ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात तापवतो, चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. चार मीटर परिघाची धाव ५०० अंशांनी तापली तर जेमतेम २४ मिलिमीटर वाढते. तेवढ्या वाढीवर चाकाचे लाकडी सांधे वर्षानुवर्षं आवळलेले राहतात. ही वाढ मोजण्यासाठी डच शास्त्रज्ञ पीटर फान मुशेनब्रुक यानं १७३१ साली उपकरणाचं वर्णन छापलं: धातूची पट्टी ज्योतींवर तापवायची, तिची वाढ दातेरी चाकांनी मोठी करायची आणि काट्यावर वाचायची. तुलना करता आली, पण मोजणी कुठून सुरू करायची याचा सर्वमान्य आकडा अजून कुणापाशी नव्हता.

त्या आकड्याची गरज पडली जमीन मोजणाऱ्यांना. विल्यम लँबटन यानं १८०२ च्या उन्हाळ्यात मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीनं मोजली. साखळी दहा अंशांनी जास्त तापली, तर एवढ्या अंतरात जवळपास दीड मीटरची चूक होते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवलेली, वर सावली, शेजारी थर्मामीटर. हाच लँबटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं साखळी सोडून पितळ आणि लोखंड शेजारी जोडलेले, कोल्बीच्या नावानं ओळखले जाणारे दांडे वापरले. दोन धातूंच्या वाढीतला फरकच तिथे चूक भरून काढायचा. इतकी देखणी युक्ती मला मोजमापाच्या इतिहासात क्वचितच दिसली आहे.

पण धातूची मापं कारखान्यात शिरली तेव्हा घोळ वाढला. ब्रिटिश यार्ड कायद्यानं ६२ अंश फॅरेनहाइटला खरा होता, मीटर शून्य अंश सेल्सियसला. शून्याला बरोबर मीटरभर असलेली पोलादी पट्टी २० अंशांना जवळपास पाव मिलिमीटर लांब भरते. यावर तोडगा निघाला १९३१ साली. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २० अंश सेल्सियस हे संदर्भ तापमान मान्य केलं. कारखान्याच्या हवेला ते जवळचं आणि फॅरेनहाइटमध्येही पूर्णांकच, ६८. पुढे आयएसओनं १९५१ साली पहिली शिफारस काढली ती याच विषयावर. म्हणजे आयएसओच्या यादीत क्रमांक १ वर आजही हे वीस अंश बसले आहेत.

ताणाचं गणित दुसऱ्या वाटेनं येत होतं. १८३० च्या दशकात फ्रेंच गणिती दुआमेलनं मांडलं की एकूण विकृतीतून तापमानानं झालेली वजा करा. उरलेल्या भागातूनच ताण जन्मतो. हेच समीकरण पुढे फायनाइट एलिमेंटच्या संगणकी आज्ञावलींत जसंच्या तसं उतरलं. नासासाठी बांधलेल्या नॅस्ट्रानच्या मटेरियल कार्डावर ‘टीरेफ’ नावाचा रकाना आहे. तो रिकामा सोडला तर शून्य धरतात. माझ्या ५३ मेगापास्कलचं मूळ अशाच एका रकान्यात होतं.

इथे एक गाठ अजून आहे, आणि ती जास्त फसवी आहे. हस्तपुस्तिकेतला प्रसरण गुणांक बहुधा २० अंशांपासून त्या तापमानापर्यंतची सरासरी असतो. भाग ताणमुक्त असण्याचं तापमान मात्र वेगळं असू शकतं. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना गोठतं. सांधा तिथे ताणमुक्त असतो आणि थंड होताना ताणला जातो. २० अंशांपासूनचा तक्ता तसाच २१७ वर टेकवला, तर प्रत्येक आकडा थोडाथोडा चुकतो. मेश, आधार, एककं सगळी बरोबर असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. तक्त्याचं मूळ तापमान आणि भागाचं ताणमुक्त तापमान वेगळं लिहायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे आधी पाहा. ती नसेल तर तक्ताच नव्या मूळ तापमानाला बदलून घ्यावा लागतो.

म्हणून पुढचं मॉडेल चालवण्याआधी पाच मिनिटं द्या. सगळ्या भागांना संदर्भाइतकंच तापमान देऊन एकदा सोडवा; ताण शून्य यायला हवा. मग एकाच धातूचा भाग फक्त सहा हालचाली रोखून, म्हणजे ३-२-१ आधारांवर ठेवून, सगळीकडे सारखा तापवा. तो वाढेल, पण ताण शून्यच राहील. एवढं जमलं नाही, तर पुढच्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवू नका.