अर्ध्या सामन्याचा आर्टी

दोन जिने चढल्यावर जो कठड्याला धरून उभा राहतो, त्यालाच दुसऱ्याच्या पळण्यातला आळस अचूक दिसतो. हे मी अनुभवाने सांगतो. मांडीवर शेंगदाण्याची पुडी ठेवून "हा जीव तोडून खेळत नाही हो!" असं मी आजवर पुष्कळ खेळाडूंबद्दल म्हणालो आहे. म्हणूनच आर्थर बीटसनची हकीकत वाचली तेव्हा शेंगदाणा घशाशी अडकला.

बीटसन ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. या खेळात दोन्हीकडे तेरा-तेरा आडदांड माणसं आणि ऐंशी मिनिटं. चेंडू घेऊन पुढे धावायचं, पण साथीदाराला हाताने द्यायचा तर मागेच द्यायचा. मध्ये तिघेचौघे अंगावर कोसळून तुम्हाला जमीनदोस्त करतात. उठायचं, अंग झटकायचं आणि पुन्हा तेच. नोकरी करणाऱ्यांना जास्त समजावून सांगायला नको.

बीटसन १९४५ साली क्वीन्सलंडमधल्या रोमा या गावी जन्मला आणि १९६६ साली सिडनीच्या बालमेन क्लबात आला. देह अवाढव्य, भूकही तशीच. खिमा भरलेल्या 'मीट पाय'चं नाव त्याला टोपणनाव म्हणून चिकटलं. पण खरं झोंबणारं नाव दुसरंच होतं : 'हाफ-अ-गेम आर्टी'. म्हणजे अर्धा सामना खेळून उरलेला अर्धा चालत काढणारा. बारसं एकदा झालं की प्रेक्षकांना सोपं जातं. मग त्याचा खेळ बघावा लागत नाही, नुसतं घड्याळ बघितलं तरी चालतं.

खरी मौज अशी की त्याचं कसबच आळसासारखं दिसणारं होतं. दोघेतिघे अंगाला लोंबकळत असताना हा गडी पडायचा नाही. उभा राहायचा, एक हात मोकळा करायचा आणि मागून धावत येणाऱ्या साथीदाराच्या हातात अलगद चेंडू ठेवायचा. धावणारा दिसे, टाळ्या त्याला. हा मात्र नुसता उभा! घामाचा हिशेब करणाऱ्यांच्या वहीत उभं राहण्याला रकानाच नसतो.

आणि इथे हसू जरा आवरावं लागतं. बीटसन आईकडून आदिवासी, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी. १९६६ साली तो ऑस्ट्रेलियाच्या संघातून पहिल्यांदा खेळला, तेव्हा देशाची लोकसंख्या मोजताना त्याच्या लोकांना धरायचं नाही, असं कलम राज्यघटनेत होतं. ते १९६७ च्या जनमतानंतर गेलं. म्हणजे मैदानावर या माणसाची मिनिटं मोजणारे हजारो होते, आणि देशाच्या लोकसंख्येच्या आकड्यात मात्र त्याच्या लोकांना धरायला मनाई! अशा माणसाला 'आळशी' हा शब्द किती लवकर चिकटतो, हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. त्याच बीटसनने १९७३ साली देशाच्या संघाचं नेतृत्व केलं. कुठल्याही खेळात तो मान मिळवणारा तो पहिला आदिवासी. पुढे १९७४ आणि १९७५ साली त्याच्या कप्तानीखाली ईस्टर्न सबर्ब्स क्लबाने अजिंक्यपद पटकावलं. १९७५ चा अंतिम सामना तर ३८-० असा.

तरी वय कुणाला सोडतं? १९८० साली पस्तिशीचा बीटसन सिडनीच्याच पॅरामॅटा क्लबाच्या दुय्यम संघात खेळत होता. तिकडे क्वीन्सलंडची तऱ्हा वेगळीच. सिडनीच्या क्लबांकडे पोकर मशीनचा पैसा. क्वीन्सलंडची चांगली पोरं तिकडे जायची आणि आंतरराज्य सामन्यात न्यू साउथ वेल्सतर्फे आपल्याच मुलखाला बडवायची. बीटसननेही वर्षानुवर्षं तेच केलं होतं. शेवटी ठरलं, एक सामना जन्मगावाप्रमाणे खेळून बघू. कप्तान कोण? दुय्यम संघातला बीटसन! 'म्हातारा चाळीस मिनिटं तरी टिकेल का,' असा वाद रंगायला आणखी काय हवं? त्या सामन्यालाच कित्येकांनी फार्स ठरवलं होतं.

८ जुलै १९८०, ब्रिस्बेनचं लँग पार्क, तेहतीस हजारांवर माणसं. सामन्यात बीटसनने प्रतिपक्षाच्या मिक क्रोनिनवर हात चालवला. क्रोनिन पॅरामॅटातला त्याचाच सहकारी! तो ठोसा होता की नुसता धक्का, यावर तिकडे अजून वाद घालता येतो. दरवर्षी तो ठोसा थोडा मोठा होत जातो. पण प्रेक्षकांना जे कळायचं ते कळलं. रोजची मैत्री बाजूला ठेवून म्हातारा जीव लावून खेळतो आहे. क्वीन्सलंड २०-१० ने जिंकलं. त्या एका सामन्यातून 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही परंपरा उभी राहिली. बीटसन तिच्यात खेळाडू म्हणून एकदाच उतरला, पण ज्यांनी अर्ध्याचा हिशेब ठेवला होता त्यांना तो एक सामना जन्मभर पुरला.

आज त्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. तो मात्र कितीही वेळ उभा राहिला तरी कुणी आळशी म्हणत नाही.

१ डिसेंबर २०११ ला बीटसन गेला. वय सहासष्ट. सायकल चालवत असताना हृदयविकाराचा झटका आला. हे वाचलं आणि मी पुडी बाजूला ठेवली. आमची सायकल गेली कित्येक वर्षं जिन्याखाली आहे, आणि तिच्या दोन्ही चाकांत हवा नाही.