घरच्या जुन्या फिल्म डिजिटल करताना कोणता फॉरमॅट मागावा?

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अजूनही एखादा गोल डबा सापडतो. आत फिल्मचे रीळ असते: कुणाची मुंज, कुणाचे बारसे, अनंत चतुर्दशीच्या झांक्या. प्रोजेक्टर केव्हाच बंद पडलेला असतो, म्हणून मुले म्हणतात, डिजिटल करून घेऊ. दुकानदार विचारतो, "कशात देऊ?" आपण म्हणतो, "टीव्हीवर चालेल अशात द्या."

आम्हीही तेच म्हणालो होतो. साधारण वीस वर्षांपूर्वी वडिलांनी काढलेली पाच रिळे एका स्टुडिओत दिली. त्यांनी ती प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवली, समोरून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली आणि एक डीव्हीडी हातात ठेवली. घरात सगळे खूश. आता डबे कशाला, म्हणून तीन रिळे आम्ही रद्दीबरोबर देऊन टाकली. त्यातल्या एकात राजवाड्यासमोरून जाणारी झांक्यांची मिरवणूक होती. राजवाड्याला १९८४ मध्ये आग लागली, त्याच्या आधीची. आज त्या रिळाची डीव्हीडी तेवढी आहे. पडदा भरावा म्हणून चित्र रुंद करताना वरची-खालची मिळून पाव उंची कापली गेली, त्यामुळे राजवाड्याचे वरचे मजले गेले आणि माणसे चार्ली चॅप्लिनसारखी धावतात. ते आता दुरुस्त होणार नाही. तुमचे असे होऊ नये म्हणून हे टिपण.

आधी फिल्म ओळखावी. कडेची भोके मोठी असतील तर साधी ८ मिमी (कोडॅकने १९३२ मध्ये आणलेली), भोके बारीक आणि चित्र किंचित मोठे असेल तर सुपर ८ (१९६५). १६ मिमी दुप्पट रुंद असते. साध्या ८ मिमीचा वेग बहुधा सेकंदाला १६ फ्रेम, सुपर ८ चा १८. डीव्हीडी आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम दाखवते. फ्रेम तशाच ओतल्या की ५० फुटांचे, चार मिनिटे चालणारे साधे रीळ अडीच-पावणेतीन मिनिटांत संपते. धावणाऱ्या माणसांचे कारण एवढेच. नातेवाइकांनी जुना प्रोजेक्टर काढून "एकदा लावून बघू" म्हटले तर नको म्हणा. वाळलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते.

आता मुख्य गोष्ट. बँकेत आम्ही गहाणखताचा मूळ कागद तिजोरीत ठेवायचो आणि रोजच्या कामाला त्याची प्रत वापरायचो. इथेही तसेच दोन फाइली मागाव्यात, एक जपायची आणि एक बघायची. एकाच फाइलीवर दोन्ही कामे भागवायला गेलो की नुकसान होते.

बघायची फाइल एच.२६४ पद्धतीची एमपी-४ असावी. ती टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, सगळीकडे चालते. एका छोट्या रिळाला पाच-सहाशे एमबी पुरतात. मात्र या पद्धतीत जागा वाचवण्यासाठी चित्रातला बारीक तपशील टाकून दिलेला असतो, आणि टाकलेला परत येत नाही. पुढे कुणी रंग सुधारायला गेले की पदर उघडे पडतात: आकाशात पट्टे, चेहऱ्यावर चौकोन.

जपायची फाइल वेगळी. बहुतेक स्टुडिओंत मिळणारा पर्याय म्हणजे प्रोरेस ४२२ एचक्यू, एमओव्ही फाइलीत. एका छोट्या रिळाला तीन-चार जीबी लागतात. अभिलेखागारे एफएफव्ही१ पसंत करतात. त्यात तपशील अजिबात गळत नाही, आणि ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. २०२१ मध्ये तिची खुले मानक म्हणून नोंदही झाली. पण घरच्या लॅपटॉपवर ती सहज चालेलच असे नाही. घरगुती कामाला प्रोरेस पुरे, असे आमचे मत. डीव्हीडी मात्र अजिबात मागू नका. तिच्यात एका फ्रेमला ७२० × ५७६ बिंदू, तर १४४० × १०८० च्या स्कॅनमध्ये त्याच्या पावणेचार पट. ८ मिमीला एवढे किंवा थोडे जास्त पुरते. ४के साठी जादा पैसे मागितले तर १६ मिमी असेल तरच विचार करावा.

फॉरमॅटइतकेच महत्त्वाचे म्हणजे फाइल कशी बनली. भिंतीवर दाखवून टिपलेले चित्र प्रोरेसमध्ये घेतले तरी ते भिंतीचेच. म्हणून दुकानात विचारावे: एकेक फ्रेम स्वतंत्र स्कॅन करता का? चित्र ४:३ च ठेवाल ना, रुंद करणार नाही ना? वेग १६ किंवा १८ ठेवाल ना? रीळ परत मिळेल ना? चारांची उत्तरे बिलावर लिहून घ्या. सुपर ८ च्या काही फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असते, म्हणजे आवाज आहे. तेही आधी सांगावे, नाहीतर मुके चित्र हाती येते. एखाद्याच रिळाचे काम आधी करून बघावे. सगळा डबा एकदम देऊ नये.

रीळ फेकू नका, हे आमच्याइतके कुणी सांगू शकणार नाही. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती आतून कुजू लागली आहे; ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे करा आणि आधी स्कॅनला द्या. मे महिन्यात माळा भट्टीसारखा तापतो, तेव्हा डबा खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवावा. फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. एक डिस्क दुसऱ्या गावच्या लेकीकडे किंवा मुलाकडे राहू द्या आणि वर्षातून एकदा लावून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की ती आणखी चेपली जाते.

फाइलीला "फिल्म१" असे नाव देऊ नका. वर्ष, प्रसंग, जागा लिहा, आणि सोबत माणसांच्या नावांचा कागद करा. आमची उरलेली दोन रिळे गेल्या वर्षी नीट स्कॅन झाली. रामबागेतल्या मुंजीचे रीळ आम्ही आत्याला लॅपटॉपवर थांबवत थांबवत दाखवले. तिने अकरा जण ओळखले, दोघांच्या तर जावयांची नावेसुद्धा सांगितली. दारात उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, ते मात्र तिलाही आठवले नाही. कागदावर तिच्यापुढची जागा रिकामी आहे.