शेजारचा आवाज आणि कायदा

भिंतीला कान असतात म्हणतात. सोसायटीत राहणाऱ्यांना मात्र ठाऊक आहे, की भिंतीला तोंडही असतं! वरच्या मजल्यावरचं ड्रिल, शेजारचा टीव्ही, रात्री सरकवलेलं फर्निचर. हे भांडण आजचं नाही आणि कोर्टालाही नवं नाही.

१८९३ सालची लंडनची गोष्ट. ब्रिक्स्टन भागात दोन घरांमध्ये एकच भिंत. क्रिस्टींच्या घरी संगीताच्या शिकवण्या चालत. शेजारचे डेव्ही वैतागले. त्यांनी आधी पत्र लिहिलं; मग शिकवणी सुरू झाली की भिंतीवर ठोकायचं, ट्रे बडवायचे, शिट्ट्या मारायच्या, असा सपाटाच लावला. प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती नॉर्थ यांनी मनाई हुकूम दिला तो डेव्हींवर! शिकवणी हा घराचा रास्त वापर. डेव्हींचा आवाज मात्र निव्वळ त्रास देण्यासाठी होता.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाला दंड होता, फार तर २०० रुपये. पण एका घराचा दुसऱ्या घराला होणारा त्रास ‘सार्वजनिक’ ठरवणं अवघड. आणि आवाज ‘फार’ म्हणजे किती, हे ठरवणार कोण?

ते माप १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवाशांच्या हाती दिलं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. म्हणजे हे नियम आणि आपली सोसायटी एकाच वयाची! पुढे १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शांततेत राहणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याला ऐकायला लावायचा हक्क कुणालाच नाही.

सोसायटीच्या उपविधीतही सभासदाने इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे लिहिलेलंच आहे. तेव्हा क्रम लक्षात ठेवू या. आधी बेल वाजवून दोन शब्द बोलायचे. नाहीच ऐकलं, तर तारीख-वेळ टाकून कमिटीला लेखी अर्ज. रात्री १० नंतरही धिंगाणा चालूच राहिला, तर ११२ ला फोन. शेवटी दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आहेच.

फक्त डेव्हींसारखे ट्रे बडवू नका! तक्रार खरी असली तरी सूड उगवला की आपली बाजू लंगडी होते. शिवाय कोर्टातून निकाल घेऊन आलो, तरी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटणार तोच शेजारी. त्याच्या आजारपणात धावायचं आपल्याला आणि आपल्या त्याला. पुढची पंचवीस वर्षं बहुतेक तक्रारी बेल वाजवूनच मिटोत, हीच रौप्यमहोत्सवी शुभेच्छा!