पेशवाई : काळ आणि शब्द

लग्नाच्या पंगतीत चांदीची ताटे, रांगोळी आणि समया दिसल्या, की आपण 'पेशवाई थाट' म्हणतो. कोणी बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागला, की 'मोठा बाजीराव लागून गेलास!' असा टोमणा ठरलेला. कारभारात अंदाधुंदी माजली, की 'ही काय मोगलाई आहे?' असे विचारतो. या प्रयोगांत राजवटीचे किंवा राज्यकर्त्याचे नाव काळ दाखवीत नाही. ते राहणी आणि वागणूक दाखविते.

मोगलाईचे कोडे सोपे आहे. ते शत्रूचे राज्य. निजामाच्या मुलुखालाही मराठे मोगलाईच म्हणत. परक्याच्या राज्याचे नाव जुलमाला चिकटावे, यात नवल नाही. पेशवाई हे मात्र घरचे नाव. ते थाटाला कसे चिकटले आणि निंदेलाही कसे, हा खरा प्रश्न आहे.

'पेशवा' हा फारसी शब्द, अर्थ पुढारी. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी त्या पदाला 'मुख्य प्रधान' हे संस्कृत नाव दिले. तरीही लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला. 1713 साली बाळाजी विश्वनाथाला पद मिळाले आणि 1818 साली दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ही एकशे पाच वर्षे काही एकाच रंगाची नव्हेत. पहिल्या बाजीरावाची हयात घोड्याच्या पाठीवर गेली. कर्जाने गांजल्याची त्याची गाऱ्हाणी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत आहेत. 1740 साली नर्मदाकाठी रावेरखेडीच्या छावणीत त्याचा अंत झाला. वरचा टोमणा या बाजीरावाला लागू पडत नाही. माधवरावाच्या काळची ओळख रामशास्त्र्यांच्या न्यायासनाने होते. दुसऱ्या बाजीरावाची मक्त्याने दिलेल्या मामलतींनी आणि 1802 च्या वसईच्या तहाने.

मग शब्दाला रंग चढला तो शेवटच्या वीसबावीस वर्षांचाच का? कारण उघड आहे. कोणत्याही राजवटीची लोकांना आठवण राहते ती तिच्या अखेरीची. 1818 नंतर जी म्हातारी माणसे जुन्या गोष्टी सांगत, त्यांनी पाहिलेले पुणे दुसऱ्या बाजीरावाचे होते. ग्रँट डफने आपला इतिहास 1826 साली छापला, तेव्हा नव्या सत्तेला जुन्या सत्तेचे दोष दाखविणे सोयीचे होते. हरलेल्यांना तिचे वैभव आठवणे सुखाचे होते. एकाने दुर्गुण उचलले, दुसऱ्याने झुंबरे उचलली.

परंतु याच शब्दाला तिसरीही बाजू आहे, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. त्यांच्या लेखी पेशवाई म्हणजे थाट नव्हे. शूद्रातिशूद्रांच्या माथी मारलेली नीती होय. अस्पृश्यांवरील निर्बंध ही कल्पित कथा नव्हे. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, तेव्हा 1818 ची ती लढाई अनेकांच्या मनात निराळ्या अर्थाने जागी झाली. म्हणजे एका घरात जो शब्द पैठणीसारखा जपला जातो, तोच दुसऱ्या घरात अपमानाची आठवण होऊन बसतो. दोन्ही घरे मराठीच बोलतात.

यावर उपाय शब्द टाकून देण्याचा नाही, आणि तो गोंजारण्याचाही नाही. राजवाड्यांनी 1898 साली साधनांचा पहिला खंड काढला. सरदेसायांनी 1930 पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. त्या कागदांत थाटही आहे आणि सावकारांचा तगादाही आहे. मोहिमेचा खर्च आहे, तसा रयतेचा अर्जही आहे. शब्दाने जे एका मुठीत दाबून धरले, ते कागद पुन्हा मोकळे करतात.

म्हणून यापुढे कोणी 'पेशवाई' असे कौतुकाने म्हणाले किंवा तिरस्काराने म्हणाले, तर आपण दोनच प्रश्न विचारावेत : कोणत्या सालची? आणि कोणाच्या अंगणातून पाहिलेली? या प्रश्नांचे उत्तर देता येऊ लागले, की अभिमान डोळस होईल आणि रागही नेमका होईल. इतिहासाच्या अभ्यासाकडून एवढी अपेक्षा करणे गैर नव्हे.