७६२ मिलिमीटरची आर्वीची गाडी

आज एक आकडा लक्षात ठेवा: ७६२. दोन रुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. जेमतेम अडीच फूट! आपल्या वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी लाइन एवढीच रुंद होती. शेजारची मुंबई-नागपूर मेन लाइन १६७६ मिलिमीटरची, म्हणजे दुपटीहून जास्त.

हे वाचून डोक्यात शिरत नाही. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, तिथं उभं राहिलं की शिरतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गेलो होतो. भाचा टॉय ट्रेनकडे पळाला, आजी जुन्या इंजिनापाशी थांबली. "हे तं आपल्या आर्वीच्या गाडीवानीच हाय बापा!" खरं तर तिथला बराचसा इतिहास बंगाल-नागपूर रेल्वेचा, आर्वीची लाइन दुसऱ्या घरची. पण रुंदी तीच. मग आजी सुरूच झाली. डब्यात बसलं तरी सरकीचा वास यायचा म्हणे.

सरकी, कारण ही सगळी गोष्टच कापसाची. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. पण ती गेली पुलगाववरून. आर्वीचा कापूस ३५ किलोमीटर बैलगाडीनं आणायचा! पावसात काळ्या मातीत चाक रुतलं की काय होतं, ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आर्वीची लाइन सुरू झाली १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना. अरुंद का? स्वस्त म्हणून. भराव कमी, पूल छोटे, रूळ हलके. त्याची किंमत पुलगावला मोजावी लागायची: प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची.

मालक होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची आपली 'शकुंतला' हिचीच. स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारी झाली, पण या लाइनी कंपनीच्याच राहिल्या. गाडी चालवायची मध्य रेल्वेनं, उत्पन्नातला वाटा कंपनीला. त्यावरून 'भारत अजून इंग्लंडला पैसे देतो' असा मेसेज फिरतो ना? तो अर्धवट आहे. कारभार पाहणारी किलिक निक्सन ही १८५७ ची मुंबईतली पेढी. काढली इंग्रजांनी, पुढे भारतीयांच्या हाती गेली. मला तर खरी गोष्ट मेसेजपेक्षा भारी वाटते.

आज आर्वीला जायचं तर एसटी किंवा स्वतःची गाडी. कापूस ट्रकनं जातो.

तुमच्या घरी कुणी आर्वीच्या गाडीत बसलेलं असेल तर आजच फोनचं रेकॉर्डिंग लावा. तिकीट किती होतं, गाडी कुठं कुठं थांबायची, शेजारी कोण बसायचं, सगळं विचारा. आजीचं माझ्याकडे चाळीस मिनिटांचं झालंय. पुढच्या भागात ऐकवतो.