महत्त्वाकांक्षा : एका शब्दाची प्रदक्षिणा

एखाद्या विद्यार्थ्याविषयी ‘तो महत्त्वाकांक्षी आहे’ असे शिक्षक म्हणतात, तेव्हा ती शाबासकी असते. तेच वाक्य देवस्थानच्या सभेत एखाद्या सभासदाविषयी उच्चारले गेले, की त्याची कुजबूज होते. एकच शब्द एके ठिकाणी भूषण व दुसऱ्या ठिकाणी दूषण का व्हावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडला होता. वकिलीच्या व्यवसायात एकेका शब्दाच्या अर्थावर दावे जिंकले व हरले जातात. म्हणून याही शब्दाची थोडी उलटतपासणी घेण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजी ‘अँबिशन’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथील मूळ क्रियापदाचा अर्थ सभोवार फिरणे असा होतो. प्राचीन रोममध्ये अधिकारपद इच्छिणारा गृहस्थ शुभ्र वस्त्र पांघरून लोकांत फिरे, ज्याला त्याला नावाने हाक मारी व मत मागे. पुढे या फिरण्यात मेजवान्या आणि पैसा शिरला, तेव्हा त्याच मुळापासून निघालेला ‘अँबिटस’ हा शब्द निवडणुकीतील लाचलुचपतीच्या गुन्ह्याचे नाव होऊन बसला. इ. स. पू. 63 मध्ये सिसेरो हा नामांकित वकील कॉन्सलच्या पदावर होता. त्याने या गुन्ह्यास दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठरविणारा कायदा करविला. आणि त्याच वर्षी त्याच आरोपाखाली सापडलेल्या मुरेनाचे वकीलपत्र घेऊन त्यास सोडविलेही! कायदा करणाऱ्यासही ही रेषा आखणे किती अवघड गेले असेल, हे यावरून ध्यानात यावे.

फिरणे म्हटले की आम्हांस देवळातील प्रदक्षिणा आठवते. प्रदक्षिणा घालणारा देवास मध्यभागी ठेवतो व आपण कडेने चालतो. रोमचा तो गृहस्थ लोकांभोवती फिरे खरा, पण मध्यभागी तो स्वतःच असे. आपल्याकडील ‘उमेदवार’ हा शब्द याहून विनम्र आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. कोकणीत तर त्याच शब्दाला आनंदाची छटा आली आहे. जुन्या कचेऱ्यांतून बिनपगारी काम शिकत जागेची वाट पाहणारा तो उमेदवार. आधी शिकणे व मग मागणे, हा क्रम त्या शब्दातच होता.

आता आपल्या ‘महत्त्वाकांक्षे’कडे वळू. महत्त्वाची आकांक्षा, असा या समासाचा विग्रह आहे. परंतु ‘आकांक्षा’ ही न्यायशास्त्राची एक परिभाषाही आहे. वाक्याचा बोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन गोष्टी लागतात, असे नैयायिक सांगतात. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. अर्थ जुळणे ही योग्यता. आणि पदे जवळ असणे हा सन्निधी. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात आकांक्षा आहे, पण योग्यता नाही. म्हणून ते वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही अर्थाने व्यर्थ होय. माणसाची महत्त्वाकांक्षाही याच कसोटीवर घासून पाहता येईल, असे आम्हांस वाटते.

आपल्याच सीमाभागातील दोन उदाहरणे पाहा. निपाणीचे सिधोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजेच आप्पा देसाई, यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सरलष्कर ही पदवी मिळविली आणि कोल्हापूरकरांशी झुंजून चिकोडी व मनोळीचा मुलूख घेतला. त्यांच्या अंगी आकांक्षा होती आणि पराक्रमाची योग्यताही होती. परंतु 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी चिकोडी-मनोळी कोल्हापूरकरांस परत दिली. आणि 1839 मध्ये आप्पा देसाई पुरुष वारसावाचून वारले, तेव्हा जहागीरही खालसा झाली. एका पुरुषाभोवती फिरणारे वैभव त्या पुरुषाबरोबरच मावळले.

दुसरे उदाहरण बेळगावचे. 1916 च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना याच शहरात केली. आणि 1924 च्या डिसेंबरात येथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. वतनदार घराण्यात जन्मलेल्या या कायद्याच्या पदवीधराने पुढे हुदलीसारख्या खेड्यात खादीचे काम उभे केले. त्यांना आकांक्षा नव्हती असे कोण म्हणेल? परंतु तिच्या मध्यभागी देश होता, आणि खेड्यातील माणसांचा सन्निधी होता. अधिवेशनासाठी खोदलेली पंपा सरोवर ही विहीर टिळकवाडीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस आमचे म्हणणे सहज पटेल. अध्यक्षपदाची मुदत एक वर्षाची होती; विहीर मागे राहिली.

हा विचार आपल्या देवस्थानांसही लागू आहे. आपल्यांपैकी अनेकांची कुलदैवते गोमंतकात आहेत. तेथील देवस्थानांचा कारभार 1933 च्या नियमावलीनुसार महाजनांनी निवडलेल्या समितीकडे असतो. म्हणजे तेथेही पद आहे, मतदान आहे आणि मतांसाठी फिरणेही आहे. त्यात वावगे काही नाही. मात्र दोष दोन बाजूंनी संभवतो. कोणी देवाभोवती फिरण्याचे मिष करून स्वतःस मध्यभागी आणतो. आणि कोणी हिशेब जाणणारा, लोकांच्या उपयोगी पडणारा गृहस्थ ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणवून घेण्याच्या भयाने घरीच बसतो. आम्हांस दुसरा दोष अधिक घातक वाटतो. कारण योग्यता घरी बसली, म्हणजे नुसती आकांक्षाच तेवढी सभेस जाते.

म्हणून ‘तो महत्त्वाकांक्षी आहे’ ही कुजबूज पुढील सभेत कानी आली, तर आपण तीन प्रश्न विचारावेत: त्यास हवे आहे ते काय? ते करण्याची त्याची तयारी आहे काय? आणि ज्यांच्यासाठी करावयाचे त्यांच्याजवळ तो आजवर उभा राहिला आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्यास मत देण्यास वाचकांनी अनमान करू नये.