घाणा की गिरणी? ओल्या ग्रॅन्युलेशनची गोष्ट

घरातली पॅरासिटॅमॉलची पट्टी उलटी करून बघा. मुदतीच्या तारखेजवळ बॅच नंबर असतो; तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बॅच आणि सलग ग्रॅन्युलेशनची तुलना करायला निघालात, तर सुरुवात या नंबरापासून करा.

बारीक पावडर साच्यात नीट ओघळत नाही, दाबली तरी धरत नाही. विल्यम ब्रॉकडन या इंग्रज चित्रकाराने १८४३ साली पावडर साच्यात दाबून गोळी करण्याचं पेटंट घेतलं, पण प्रत्येक पावडर इतकी शहाणी नसते. मग आली स्टार्चची खळ: पावडर भिजवा, चाळणीतून दाबा, ट्रेमध्ये वाळवा. आज तेच काम आरएमजी आणि एफबीडी करतात. पद्धत मात्र भज्यांच्या घाण्याचीच. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं पेनिसिलिनसुद्धा टाक्या भरून, आंबवून, रिकाम्या करूनच निघायचं.

घाणा झाला हे कळतं कसं? मोटरवरचा लोड बघतात. पण जुना ऑपरेटर मूठभर माल दाबतो. लाडू वळला आणि बोटाने सहज फुटला, की बस. छोट्या भांड्यात जमलेली वेळ मोठ्या भांड्यात चालत नाही. पुण्यात पीएचडीच्या पहिल्या वर्षातले माझे चार महिने यातच गेले.

१९८६ साली गॅमलेन आणि अर्डली यांनी पॅरासिटॅमॉल बेकर पर्किन्सच्या एक्स्ट्रूडरमधून काढलं. याच जातीच्या दोन स्क्रूंच्या यंत्रात पुढे ग्रॅन्युलेशन होऊ लागलं. एका टोकाला पावडर, थोडं पुढे पाणी, काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला दाणे. गिरणीच म्हणा! जास्त माल हवा असेल तर तेच यंत्र जास्त वेळ चालवायचं.

तरी अमेरिकेत अशा ओळीवरच्या ऑर्कॅम्बीला मान्यता मिळायला २०१५ उजाडलं. (२०१६ च्या प्रेझिस्टाचं उदाहरण इथे देऊ नका. तिची ओळ सलग आहे, पण त्यात ओलं ग्रॅन्युलेशनच नाही.)

उशिराची कारणं बरीच, पण एक मला मोठं वाटतं. त्याच १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला. ते औषध गोळीचं नव्हतं, हे खरं. पण असं काही घडलं की पहिला प्रश्न येतो, कुठला माल परत बोलवायचा? घाण्याला कडा असते. गिरणीतून सतत पडणाऱ्या पिठाला कडा कुठली?

नोव्हेंबर २०२२ च्या आयसीएच क्यू१३ ने बॅच ठरवायला वाव दिला: किती माल निघाला, किती घातला, किंवा ठरावीक वेगाने किती वेळ यंत्र चाललं. कागदावर सुटलं. यंत्रात मात्र बिघडलेली पावडर पुढे किती दाण्यांत पसरली, हे तुम्हालाच मोजायचंय. चिमूटभर रंग टाका आणि तो बाहेर कधी दिसू लागतो, कधी संपतो हे सेकंदासेकंदाला टिपा. दाण्यांचा आकार नंतर मोजा. आणि यंत्र स्थिर होईपर्यंत फेकून दिलेला मालही तुलनेच्या तक्त्यात धरा. माझ्या पहिल्या तक्त्यात तो नव्हता.